आधी हात मळवा, मग कपाटं बघा

आमचा क्रमच उलटा झाला. पुरातत्त्व संग्रहालयाचं तिकीट काढलं आणि थेट दालनांत शिरलो. तिसऱ्या दालनात भाची 'मावशी, परत मडकीच!' म्हणून पुढे पळाली. खरं तर कंटाळा मलाही आला होता. त्यात माहितीच्या पाट्या मोठ्यांच्या उंचीवर आणि काचेवर दिव्यांची चकाकी.

मग मागच्या व्हरांड्यात प्रात्यक्षिकं सुरू झाली. भाची वाळूत पुरलेली खापरं ब्रशने उकरायला बसली, मी टकळीवर. दर वितीला सूत तुटत होतं. शिकवणाऱ्या बाईंनी टकळीची मातीची चकती बदलून हलकी दिली. जड चकतीवर जाडं सूत निघतं, बारीक सुतासाठी हलकी लागते, असं म्हणाल्या. बारीक सूत काही जमलं नाही, पण मी पुन्हा पहिल्या दालनात धावले. मघाशी ज्यांना मणी समजून पुढे गेले होते, त्या भोकाच्या चपट्या गोळ्या म्हणजे याच चकत्या! एकीचं भोक चक्क कडेला सरकलेलं. फिरताना केवढी थडथडली असेल.

खापरंही आता वेगळी दिसायला लागली. आतून सारख्या गोल रेघा असतील तर भांडं चाकावरचं. बोटांचे वेडेवाकडे दाब असतील तर बहुधा हाताने घडवलेलं. आतून काळी, बाहेरून तांबडी भांडी दोन रंग देऊन केलेली नसतात. भट्टीत ती पालथी ठेवत. आत हवा पोचत नसे म्हणून आतली बाजू काळी, बाहेरची मोकळ्या हवेत भाजून लाल.

तेव्हा जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून प्रात्यक्षिकांची वेळ विचारा. रोज असतीलच असं नाही, आणि जागाही मोजक्या असतात. दार उघडताच पोचलात तर शाळांच्या सहलींआधी निवांत मिळेल. कपडे मळखाऊ घाला, मोठ्या पिशव्या शक्यतो नेऊ नका. फोटोला परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवून वस्तूसोबत पाटीचाही काढा, नाहीतर घरी आल्यावर सगळी खापरं सारखीच. 'प्रतिकृती' हा शब्द पाटीवर बारीक अक्षरांत असतो, तोही शोधा. आम्ही एका मुद्रेसमोर, म्हणजे शिक्क्यासमोर, दहा मिनिटं भारावून उभे होतो, ती प्लास्टरची निघाली.