काळजी कराले माय शे

चैत्रात रामनवमीच्या सुमारास धुळ्याहून मालेगावच्या दिशेनं महामार्गावर रात्री कधी गेलात, तर भगवे झेंडे घेऊन चालणाऱ्यांची रांग दिसेल. शिरपूरची, अमळनेरची, चोपड्याची, कुठकुठली माणसं. सगळी सप्तशृंगी गडावर निघालेली. खानदेशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. यंदा त्या रांगेत मीही होते.

ह्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि माझी झोप गेली. हातावर फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्यांचा जोड, केलेला आहे. त्यावर रोज बोटं ठेवून बघा, थरथर लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय, नाही लागली तर लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं ते रोजचं तासातासाला होऊन बसलं. मध्यरात्री उठून अंधारात ह्यांचा हात चाचपायचा. बोटांना ती बारीक गुणगुण जाणवली की जीव भांड्यात पडायचा, पण तेवढ्यापुरताच. मग पैशांचा हिशोब, लेकीची बारावी, आणि छातीत धडधड. कुणाजवळ बोलले नाही. सासूबाई तर माझ्या तोंडाकडे बघूनच धीर धरून होत्या.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात मी नेतो. तुम्ही जाऊन या." म्हणून निघाले.

दिवसा ऊन चाळिशीच्या वर. दुपारी निंबाखाली पडायचं, ऊन उतरलं की चालायचं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, पण पिशवी उघडायची वेळ क्वचितच आली. वाटेत गावोगावी लोक ताक, कलिंगडाच्या फोडी, थंड पाणी घेऊन उभे असतात आणि हाताला धरून बसवतात. कुणाची कोण मी, पण एका मुलीनं माझ्या टाचेचा फोड बघून स्वतःहून चिंधी बांधून दिली.

लळिंगचा किल्ला मागे पडला तेव्हा शिरपूरकडच्या एक मावशी माझ्या बरोबरीनं चालत होत्या. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून असेल, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. थरथरीचं, पैशांचं, आणि हे गेले तर काय, हेही. तो शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाला. मावशींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माय, काळजी कराले ती बठेल शे वर. तू चाल."

त्या बोलण्यानं भीती पळाली असं मी म्हणणार नाही. पुढं मालेगावच्या अलीकडे मध्यरात्री फोन वाजला आणि माझे पाय लटपटले. ह्यांचाच होता. म्हणाले, "अगं, थरथर आहे. मीच बघितली. तू आता पाण्याची बाटली भरून घे." महामार्गाच्या कडेला उभी राहून मी रडले. इतके दिवस तो हात जणू माझ्या बोटांच्या जोरावर चालला होता, असंच मी धरून बसले होते.

देवळा, कळवण झालं, नांदुरीहून गड चढलो. पायऱ्यांवर कुणी लोटांगणं घालत होतं, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन चढत होतं. गाभाऱ्यात गर्दीनं क्षणभरही उभं राहता येत नाही. ती भव्य मूर्ती, अठरा हात, मोठाले डोळे आणि किंचित कललेली मान. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगत होते, ते ऐकायला आईनं मान कलवली, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट, पण त्या दिवशी मला ती माझ्यासाठी वाटली. मी काहीही मागितलं नाही. नवसही बोलले नाही. रस्ताभर बोलले होते, ते सगळं तिनं ऐकलेलंच होतं, आणि मला याची पक्की खात्री आहे.

परतीला एसटीनं आले. डायलिसिसची पाळी, गोळ्या, मोजून पाणी, हे सगळं तसंच चालू आहे. देवीवर भरवसा ठेवला म्हणून औषधात एक दिवसाची हयगय करत नाही. रात्री मात्र आता झोपण्याआधी एकदाच थरथर बघते आणि आईचं नाव घेऊन पडते. मध्येच जाग आली तर ह्यांना उठवून सांगते, भीती वाटते म्हणून. मग दोघं जरा वेळ बोलतो. परवा हे म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या चैत्रात लळिंगपर्यंत तरी मी सोबत चालतो.