नान्नजच्या माळावर काळवीट कॅमेऱ्यात टिपताना

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नज २० किलोमीटरच्या आसपास. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, म्हणून मी साडेपाचलाच गाडी काढतो. उजाडायच्या आत जागेवर बसलेलं असलं की अर्धं काम झालं. सोबत कुणी नसलेलं बरं. दोघं असले की बोलणं होतंच. बंदुकीचा विषय इथं निघतच नाही: काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला तीन ते सात वर्षं कैद.

माळढोक अभयारण्याच्या आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. बाहेर पडीक रानात किंवा बांधावर बसायचं तर मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवतो. शाळूच्या राखणीला माणूस असला तर कळप काल कुठं होता ते त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

वारा तोंडावर घ्यावा, असं जुने शिकारी सांगतात. इथं हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडचा. तो तोंडावर घ्यायचा तर कळपाच्या पश्चिमेला बसावं लागतं. मग ऊन थेट लेन्समध्ये आणि काळा नर म्हणजे नुसता आकार. काळविटाची भिस्त नाकापेक्षा डोळ्यांवर, त्यामुळे मी वारा सोडतो आणि उजेड धरतो. कळपाच्या आग्नेयेला बसलं की सूर्य उजव्या खांद्यामागे येतो.

जागा लेंड्यांवरून ठरते. हद्द राखणारा नर एकाच ठिकाणी लेंड्या टाकत राहतो. ढिगावरच्या लेंड्या काळ्या, ओलसर असतील तर तो जवळपासच आहे; पांढुरक्या होऊन चुरा होत असतील तर जागा सुटली म्हणायची. ताज्या ढिगापासून शंभरेक मीटरवर बांधाला पाठ लावून बसतो. त्याआधी काठीनं गवत आणि दगड हलवून बघायचे, फुरसं असू शकतं. मोजे मात्र पँटच्या आत. बाहेर राहिले तर कुसळं भरतात आणि ऐन वेळी टोचून हलायला लावतात.

उघड्या माळावर लपणं जमत नाही. कळप आपल्याला बघतोच. माना वर, कान आपल्याकडे असेपर्यंत बोटही हलवायचं नाही. पुन्हा चरायला लागले की मगच कॅमेरा डोळ्याला. सरळ त्यांच्याकडे चालत गेलात तर एखादी मादी उंच उडी घेते आणि सगळा कळप मागोमाग सुटतो. त्या दिवशी तो परत जवळ येऊ देत नाही.

नर रंगात आला की नाक आभाळाकडे, शिंगं पाठीला टेकलेली, कान पडलेले, असा माद्यांभोवती आखडत फिरतो. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. कॅमेरा काळ्या पाठीला भुलून चित्र उजळ करतो आणि पोटाचा पांढरा भाग जळतो, म्हणून एक्स्पोजर उणे ०.७, म्हणजे चित्र थोडं गडद. फोकस एकाच बिंदूवर, डोळ्यावर. नाहीतर कॅमेरा पुढच्या गवतालाच धरतो. नऊनंतर जमीन तापून हवा थरथरू लागते. मग कितीही महाग लेन्स असली तरी फोटो धूसरच येतो. मी सरळ उठतो.

पाडस गवतात एकटं पडलेलं दिसलं तरी आईनं टाकलेलं नसतं, ती लांब चरत असते. हात लावू नका, फोटोसाठीही तिथं रेंगाळू नका. वस्तीवरची कुत्री माणसामागं येतात, आणि पाडसाला तेव्हा पळता येत नाही.