मिल्टनला वाचून दाखवणारे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, स्नेहसंमेलन आणि सहली यांविषयी माझे वर्गमित्र भरभरून लिहितील याची मला खात्री असल्यामुळे, मी इंग्रजीच्या तासाला भेटलेल्या जॉन मिल्टनविषयी लिहायचे ठरवले आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचे एकच सुनीत होते, दृष्टी गेल्यानंतर रचलेले. परीक्षेच्या हिशेबाने चौदा ओळींचे मोल ते किती. पण आमच्या सरांनी त्या चौदा ओळींपायी कित्येक तास खर्ची घातले आणि अभ्यासक्रम मागे पडला तरी त्याची फिकीर केली नाही.

मिल्टनचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनच्या ब्रेड स्ट्रीटवर झाला. वडील दस्तऐवज लिहून देण्याचा आणि व्याजबट्ट्याचा व्यवसाय करीत आणि उरलेल्या वेळात संगीतरचना करीत. मुलगा सेंट पॉल्स शाळेत शिकू लागला आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून मध्यरात्रीपूर्वी क्वचितच पुस्तक मिटू लागला. डोळ्यांच्या दुखण्याचे मूळ त्याने स्वतःच पुढे या जागरणांत शोधले. केंब्रिजचे शिक्षण, त्यानंतर घरी बसून केलेले काही वर्षांचे वाचन, समुद्रात बुडून मेलेल्या सहाध्यायासाठी १६३७ मध्ये लिहिलेले ‘लिसिडस’ हे शोककाव्य आणि इटलीचा प्रवास हे सगळे सरांनी भराभर सांगितले. फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत असलेल्या वृद्ध गॅलिलिओला आपण भेटलो, असे मिल्टनने लिहून ठेवले आहे, तिथे मात्र ते थोडे रेंगाळले.

सरांचा खरा जीव रमे तो शिक्षक मिल्टनमध्ये. मायदेशी राजा आणि पार्लमेंट यांच्यात ठिणगी पडली म्हणून इटलीतून परतलेल्या या कवीने लंडनमध्ये घर घेऊन एडवर्ड आणि जॉन फिलिप्स या आपल्या भाच्यांना शिकवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यासाठी धावत आलेल्या माणसाची देशभक्ती खासगी शिकवणीत विरून गेली, असा टोमणा अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक डॉक्टर जॉन्सन याने पुढे मारला आहे. सरांना हा टोमणा मुळीच मान्य नव्हता, आणि आज मलाही तो मान्य नाही. ज्याने १६४४ मध्ये शिक्षणावर प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षी ग्रंथांच्या पूर्वपरवान्याविरुद्ध ‘एरिओपॅजिटिका’ लिहिले, त्याच्या लेखी मुलांना शिकवणे आणि मतस्वातंत्र्यासाठी भांडणे ही वेगवेगळी कामे नसावीत.

राजाचा शिरच्छेद झाल्यावर १६४९ मध्ये मिल्टन प्रजासत्ताकाचा परकीय भाषांचा सचिव झाला. राजवधाचे समर्थन करणारा लॅटिन ग्रंथ त्याने डॉक्टरांचा सल्ला धुडकावून पुरा केला आणि १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. आमचे सुनीत या अंधत्वातले. नुसते उभे राहून वाट पाहणारेही सेवाच करतात, हा त्याचा शेवट सर समजावून सांगत नसत. ते तो आमच्याकडून मोठ्याने वाचून घेत. मुलगा वाचत असताना ते खिडकीबाहेर पाहत उभे राहत आणि अर्थ न कळता आवाज पुढे सरकला की मागे न वळताच म्हणत, “थांब. कुठे अडलास?” त्यांना हे कसे कळते, याचे आम्हाला मोठे गूढ वाटे.

पुढे टॉमस एल्वुडच्या आत्मचरित्राची ओळख झाली, तेव्हा ही रीत मला तिथे सापडली. राजेशाही परत आल्यावर मिल्टनची पुस्तके जल्लादाच्या हातून जाळली गेली, तो काही काळ लपून राहिला, मग तुरुंगात पडला आणि सुटला. अशा पडत्या काळात, १६६२ च्या सुमारास, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा हा तरुण त्याला रोज दुपारी लॅटिन ग्रंथ वाचून दाखवू लागला. मिल्टनने प्रथम त्याचे इंग्रजी वळणाचे लॅटिन उच्चार मोडून काढले. एल्वुड सांगतो की, वाचलेले आपल्याला समजले आहे की नाही हे मिल्टन केवळ स्वरावरून ओळखी, लगेच थांबवी, प्रश्न विचारी आणि अवघड जागा उलगडून सांगे.

‘पॅरडाइज लॉस्ट’ हे दहा हजारांहून अधिक ओळींचे निर्यमक महाकाव्य अशाच दुसऱ्यांच्या हातांनी कागदावर उतरले. ओळी डोक्यात तयार होत आणि जो कोणी जवळ असेल तो त्या लिहून घेई. दहा, वीस, तीस ओळींचे तुकडे भाचा एडवर्ड शुद्धलेखनासाठी तपासून देई. १६६७ मध्ये प्रकाशकाने पाच पौंड रोख दिले आणि तेराशे प्रती खपल्यावर आणखी पाच. या काव्याच्या नवव्या सर्गात आदम आणि ईव्ह ज्या झाडाची पाने अंगाभोवती शिवतात, ते मलबार आणि दख्खनचा वड आहे. पारंब्यांच्या मंडपात उन्हाला कंटाळलेला गुराखी गुरे राखतो, हेही त्यात आहे. मिल्टन हे पान ढालीएवढे रुंद असल्याचे सांगतो. सरांनी मैदानातल्या वडाचे पान आणवून पुस्तकावर ठेवले; पुस्तकाचे अर्धे पृष्ठही झाकले गेले नाही, आणि वर्ग पोट धरून हसला. दख्खनची ही ओळख पुस्तकांतूनच झालेला हा कवी ८ नोव्हेंबर १६७४ रोजी वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला होता.

एक गोष्ट सर टाळत नसत आणि मीही टाळू नये. एल्वुडला थांबवून अर्थ सांगणाऱ्या या शिक्षकाने मेरी आणि डेबोरा या आपल्या मुलींकडून हिब्रू, ग्रीक, लॅटिन ग्रंथ वाचून घेतले, पण त्यांना त्या भाषा शिकवल्या नाहीत. त्यांना फक्त उच्चार येत होते. हे एडवर्ड फिलिप्सनेच मामाच्या चरित्रात लिहिले आहे, आणि त्या मुलींची सहनशक्ती संपली यात नवल नाही, असेही त्याच्या लेखनातून जाणवते. धाकटी डेबोरा वृद्धापकाळी हलाखीत असताना लोक तिला भेटायला येत, तेव्हा ती होमरच्या आणि ओव्हिडच्या आरंभीच्या ओळी घडाघडा म्हणून दाखवी. राणी कॅरोलाइनने तिला पन्नास गिन्या पाठवल्या. प्रकाशकाने तिच्या वडिलांना महाकाव्यासाठी त्यांच्या हयातीत जे दहा पौंड दिले होते, त्याच्या पाचपटीहूनही ही रक्कम अधिक होती, हा हिशेब सरांनी फळ्यावर मांडून दाखवला होता.