बंद करा, पण शेजारच्याची

2025 च्या जानेवारीत हायकोर्टाने विचारलं की मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी नि इलेक्ट्रिक ठेवता येतील का ते बघा, सरकारने सात जणांची समिती नेमली, आणि तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं त्याचं एकच, बंद करा, पण माझी सोडून.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वरचे काका म्हणतात सगळा धूर टेम्पोवाल्यांचा. भांडुपचा मामा टेम्पो चालवतो, वाशी मार्केटातून भाजी आणतो, त्याच्याकडे डिझेल गाडी, हप्ते अजून चालू. तो म्हणतो, "एकेक माणूस एकेक गाडी घेऊन निघतो त्याचं काय? मी निदान शंभर घरांची भाजी तरी आणतो." खरंय राव.

स्टेशनवरचा रिक्षावाला तर भडकलाच. आम्ही कधीच सीएनजीवर आलो, रांगेत तासन् तास उभे राहतो, गाडी म्हातारी झाली की परमिटवरून काढायला लावतात, कारवाल्यांना कोण विचारतं? आणि बरोबरच आहे ना, टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यातच शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेली (सगळ्यांनी फोटो टाकले, मी पण), आणि प्रायव्हेट गाडीचं मात्र 15 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करून मिळतं. म्हणजे पोटासाठी चालवतो त्यालाच आधी नियम.

मला स्वतःला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल माफ झाला, लोक खूश, मी पण खूश होतो. मग 2025 च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं 5 चं 10 झालं. म्हणजे कारने आत यायला फुकट आणि बसने दोन स्टॉप जायला दुप्पट?? बरं बस येतेय कुठे, स्टॉपवर अर्धा तास धूर खात उभं राहायचं आणि आली की दारात लटकायचं. आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या तरी रस्त्यावरची धूळ तेवढीच उडणार, ट्रॅफिकही तेवढाच.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले बस वाढवायलाच पाहिजेत, शंभर टक्के. मग म्हणाले, रविवारी बोरिवलीला लग्न आहे, लोकलने म्हणजे दादरपर्यंत जाऊन परत उलटं यायचं, तुझी गाडी आहे ना?

आहे. पेट्रोलची.