७४ अंश पूर्व: मार्चच्या दोन रात्रींची नोंद

खालच्या कक्षेतल्या हेर-उपग्रहांचे फोटो काढायचा नाद मी तूर्त बाजूला ठेवलाय. जानेवारी २०२० मध्ये रशियाचा उपग्रह कॉसमॉस २५४२ अमेरिकेच्या यूएसए २४५ या हेर-उपग्रहाच्या मागावर गेला. यूएसए २४५ ची कक्षा अमेरिका जाहीर करत नाही, तरी हौशी निरीक्षकांनी ती मोजून ठेवली होती, म्हणूनच तो पाठलाग बाहेरच्यांना ताडता आला. पण यातले बरेच निरीक्षक उत्तर युरोपात किंवा कॅनडात आहेत. तिथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही ५०० किमी उंचीवर ऊन असतं. आपल्याकडे रात्री दहाला असा उपग्रह डोक्यावरून गेला तरी तो पृथ्वीच्या सावलीत असतो. त्याला कितीही मोठी लेन्स लावून उपयोग नाही.

भूस्थिर कक्षेचं, म्हणजे विषुववृत्तावर ३६,००० किमी उंच, जिथे उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि म्हणून एका जागी उभा दिसतो, तिचं तसं नाही. ती आपल्याला दक्षिणेला उंच, अगदी सोयीची दिसते. आणि आपल्या नौदलाचा संपर्क-उपग्रह जीसॅट-७, म्हणजे रुक्मिणी, ७४ अंश पूर्वेला आहे. पुण्याचं रेखांश जवळपास तेच. त्यामुळे तो पुणेकरांच्या बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६८ अंशांवर उभा असतो. रात्रंदिवस तिथेच.

सासवडच्या पुढे मामांचा मळा आहे, त्या घराच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला. २०० मिमी लेन्स, एफ २.८, दहा सेकंदांचं एक्स्पोजर, ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारी मोटार नाही. फोकस उत्तरा फाल्गुनीवर करून घेतला आणि तिथून वीतभर खाली आले. कॅमेरा स्थिर असला की ताऱ्यांच्या बारीक रेघा उमटतात आणि भूस्थिर उपग्रह टिपका होऊन राहतो. पहिल्याच फ्रेममध्ये तीन टिपके स्वच्छ, चौथा अगदी फिकट. मामा वर आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "अगं, हे तर हलतच नाहीत. बघायचं काय त्यात?" मला तेच तर बघायचं होतं.

मार्चचा दुसरा आठवडा मुद्दाम निवडला होता. विषुवदिनाच्या थोडं आधी सौर पॅनेलवरचं ऊन परावर्तित होऊन नेमकं आपल्या अक्षांशाकडे येतं. साडेअकरापासून टिपके उजळत गेले. बारा वाजून दहा-पंधरा मिनिटं झाली आणि दोनेक मिनिटांत सगळे मावळले, पृथ्वीच्या सावलीत गेले. सव्वाच्या सुमारास पुन्हा उगवले. हे डोळ्यांसमोर होताना अंगावर काटा येतो.

दुसऱ्या रात्री रुक्मिणीच्या शेजारी पाचवा टिपका दिसला. छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगू. आपल्या सगळ्या हौशी निरीक्षकांच्या मनात तेव्हा लुच-ऑलिंप असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये रशियाने सोडलेला हा उपग्रह दुसऱ्यांच्या संपर्क-उपग्रहांशेजारी जाऊन थांबत राहिला. २०१७ मध्ये तो फ्रान्स-इटलीच्या अथेना-फिदुस या लष्करी उपग्रहाजवळ गेला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लोरांस पार्ली यांनी तूलूझमध्ये ते उघडपणे सांगितलं. मार्च २०२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ, लुच-५एक्स, वर गेला. अमेरिकेचे जीएसएसएपी हे टेहळणी उपग्रहही याच भूस्थिर पट्ट्यात इतरांच्या जवळ जाऊन पाहणी करतात, हेही विसरू नका.

माझा पाचवा टिपका वीस मिनिटांत उत्तरेकडे सरकला. उपग्रहांच्या कॅटलॉगशी ताडलं तर जुना, निकामी उपग्रह. इंधन संपलं की कक्षा कलते आणि ते रोज पट्ट्याच्या वर-खाली हेलकावे घेतात. त्यातला एक वाटेत आला होता, एवढंच.

इथेच एक गणित सांगते, कारण फोटो टाकून "बघा, किती जवळ!" म्हणायची घाई आपल्यात फार होते. माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे त्या अंतरावर साधारण पाऊण किमी. दोन टिपके दहा पिक्सेलवर दिसले तरी एक दुसऱ्याच्या शंभर किमी मागे असू शकतो. कोल्हापूरहून त्याच क्षणी फोटो काढून घेतला तरी खोलीतल्या शंभर किमीच्या फरकाने एक पिक्सेलही हलत नाही, मी आकडेमोड करून पाहिली. खोली कळते ती वेळ दिल्यावर. उपग्रह शेजाऱ्याच्या मानाने जितका आत-बाहेर होतो त्याच्या दुप्पट पूर्व-पश्चिम झुलतो. आणि त्याची कक्षा सरासरी १ किमी जरी उंच असली तर तो दिवसाला सुमारे साडेनऊ किमी पश्चिमेला ढळतो, म्हणजे बारा-तेरा पिक्सेल. म्हणून एखादा टिपका आठवडाभर शेजार सोडत नसेल, तर कुणीतरी इंजिन चालवून त्याला तिथे धरून ठेवलंय. मला पुरावा वाटतो तो हा.

हेतू मात्र कुठल्याच लेन्समधून दिसत नाही. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शिजियान-२१ या उपग्रहाने त्यांच्याच बेईदोऊ या दिशादर्शक मालिकेतला निकामी उपग्रह पकडून पट्ट्याबाहेर ओढून नेला. साफसफाईचं काम, पण तीच पकड चालत्या उपग्रहालाही बसू शकते. जुलै २०२० मध्ये रशियाच्या कॉसमॉस २५४३ मधून एक वस्तू वेगाने बाहेर पडली. अमेरिकेने तिला शस्त्रचाचणी म्हटलं, रशियाने नाकारलं. मला याची मनापासून भीती वाटते, विशेषतः भूस्थिर पट्ट्याच्या उंचीवर. २०१९ मध्ये आपण क्षेपणास्त्राने आपलाच मायक्रोसॅट-आर उपग्रह पाडला तो ३०० किमीच्या आत, तिथला बहुतेक कचरा हवेच्या घर्षणाने खाली येऊन जळाला. ३६,००० किमीवर हवाच नाही. तिथे फुटलेलं तिथेच फिरत राहणार, रुक्मिणीच्या वाटेवर.

पुढचं काम: सलग सात रात्री, दर अर्ध्या तासाला एक फ्रेम, जागा तसूभरही न बदलता. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली गच्चीवर ऑइलपेंटने खुणा केल्या आहेत. पाऊस वेळेत आटोपला तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हाही टिपके असेच उजळतील. त्या खुणांवर कणग्या ठेवू नका, असं मामांना बजावून आले आहे.