दोन ओळींची जागा

"मामा, इथे 'नाही' लिहिलं तर कुणाला कळणारे?"

अग्निशमन दलाच्या भरतीचा अर्ज भरताना भाच्याचं पेन एकाच रकान्यापाशी अडलं होतं. 'आपल्यावर कधी गुन्हा नोंद झाला आहे का?' १९व्या वर्षी एका मारामारीत तो सापडला होता. त्याला आता सहा वर्षं झाली.

मी म्हटलं, खरं लिही. चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद वर येते, आणि पुष्कळदा मूळ चुकीपेक्षा ती लपवणंच जास्त नडतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "आग लागली की माणसं कपाटं उघडी टाकून पळतात. अशा घरात मला कोण जाऊ देईल?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. इतका पुढचा विचार करणाऱ्या पोरालाच आत पाठवावं, असं मला मनापासून वाटतं.

धुराने भरलेल्या खोलीत स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, म्हणून जवान जोडीने आत शिरतात. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा तास पुरेल असं धरतात, पण दमछाक झाली की ती त्याआधीच संपते. किती उरली ते जोडीदाराला खरंखरं सांगावं लागतं. तिथे 'आहे अजून' असं उगाच म्हणून चालत नाही.

शेवटी त्याने 'हो' लिहिलं. खाली खुलाशासाठी दोनच ओळींची जागा होती. अक्षर बारीक करून त्याने सहा ओळी बसवल्या.

वाचणारा सहाव्या ओळीपर्यंत जाईल ना?