तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुणा कोण आणू?

"ताई, आमच्याकडे लिहिणाऱ्यांचा आणि चित्रकारांचा एक मेळावा घ्यायचाय. पाहुणा कोण आणू?"

हा फोन मला नेमाने येतो. विचारणारे बदलतात. कधी वाचनालयाचे कार्यवाह असतात, कधी निवृत्त मुख्याध्यापक, कधी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली उत्साही पोरं. हॉल ठरलेला असतो, तारीख ठरलेली असते, शालींचा रंगसुद्धा ठरलेला असतो. फक्त नाव हवं असतं. मालिकेत दिसणारं असेल तर उत्तमच.

माझं उत्तर ठरलेलं आहे: कोणालाही आणू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नको. यावर पलीकडे जी शांतता पसरते तिच्यात पुढचं सगळं सांगायचं राहून जातं, म्हणून ते इथे लिहिते.

पाहुणा असलेली संध्याकाळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पत्रिकेवर वेळ पाचची. पाहुण्यांची गाडी "आलोच, आलोच" करत साडेसहाला पोचते. मग दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्याने वात विझते, पुन्हा लावतात, पुन्हा विझते. शेवटी कोणीतरी पंखा बंद करतं आणि तो परत चालू करायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय. मग सत्कार: शाल, श्रीफळ, ग्रंथभेट. (ग्रंथ बहुधा आयोजकांपैकीच कोणाचा तरी असतो.) पाहुणे "दोन शब्द" बोलायला उठतात ते पाऊण तासाने बसतात आणि पुढे दुसरा कार्यक्रम असल्यामुळे लगेच निघतात. अर्धी समिती त्यांना गाडीपर्यंत सोडायला जाते, उरलेले फोटोसाठी जातात. इकडे सूत्रसंचालक जाहीर करतो, "यानंतर आपल्या स्थानिक कवींचं काव्यवाचन. वेळेअभावी प्रत्येकाने एकच कविता सादर करावी, शक्यतो छोटी." शेवटची कवयित्री वाचत असते तेव्हा मंडपवाल्याची पोरं मागच्या खुर्च्या एकात एक अडकवायला लागलेली असतात. आणि चित्रांचं प्रदर्शन? ते जिन्याखालच्या पॅसेजमध्ये. फीत कापून झाली, पहिल्या चित्रासमोर फोटो झाला, की तिकडे कोणी फिरकत नाही.

आता यात पाहुण्याचा दोष नसतो. तो बिचारा आमंत्रणावरून आलेला असतो आणि त्याला खरंच पुढे जायचं असतं. दोष हिशेबाचा आहे. पाहुणा म्हटला की मानधन आलं, गाडी आली, मुक्काम आला. तेवढे पैसे वर्गणीतून जमत नाहीत, म्हणून देणगीदार आला. देणगीदाराला मंचावर खुर्ची द्यावी लागते आणि खुर्चीवर बसवलेल्या माणसाला बोलू द्यावं लागतं. एकाला बोलू दिलं की शेजारचा रुसतो. वेळ कुठून तरी कापावाच लागतो, आणि कापून घेणारा एकच गट तिथे असतो: ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला होता ते.

पाहुण्याशिवाय साहित्यिक कार्यक्रम ही कल्पना लोकांना विचित्र वाटते याचं मला नवल वाटतं. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तेव्हा हेतू ग्रंथकारांनी एकमेकांना भेटावं, मराठीत पुस्तकं कशी वाढतील ते बोलावं, एवढाच होता. आजचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच बैठकीपासून स्वतःची मोजणी करतं. रविकिरण मंडळाचंही तेच. 1923 साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी मंडळी जमायची ती चहा प्यायला आणि एकमेकांना कविता ऐकवायला. त्यातले माधव जूलियन 1936 साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, यशवंत 1950 साली मुंबईच्या. म्हणजे ज्यांना आपण पाहुणे म्हणून बोलावलं असतं, ती माणसं आधी बरीच वर्षं एकमेकांचे श्रोते होती.

यावर एक कार्यवाह मला म्हणाले होते, "मग वसंत बापट, विंदा आणि पाडगावकर गावोगाव गेले ते?" बरोबर आहे. त्या तिघांनी एकत्र फिरून कवितावाचनाला जो श्रोता मिळवून दिला त्याची बरोबरी नाही. पण ते तिघं येत ते कविता वाचायला. कविता हाच कार्यक्रम होता. आपण पाहुणा आणतो तो कार्यक्रमाला वजन यावं म्हणून.

बेळगावच्या आसपासच्या गावांचं उदाहरणही मला ऐकवलं जातं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथे गावकरी स्वतः मराठी संमेलनं भरवतात, आणि महाराष्ट्रातून पाहुणे बोलावतातच. बोलावू देत. तिथे ग्रंथदिंडी निघते तेव्हा दारोदार सडा-रांगोळी असते, लेझीम असतं, शाळेची मुलं असतात, डोक्यावर फेटे बांधलेले शेतकरी असतात. सीमाभागात मराठीचा कार्यक्रम हा त्यांच्या हक्काचाच प्रश्न आहे. तिथे पाहुणा ऐन वेळी आला नाही तरी संमेलन होईल. तुमच्याकडे पाहुणा आला नाही तर कार्यक्रम होईल का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर "हो" असेल तर खुशाल बोलवा, मग माझं काही म्हणणं नाही.

बरं, पाहुणा नाही तर काय करायचं?

जागा वाचनालयाची घ्या. ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला आणि तेव्हापासून अ, ब, क, ड अशा दर्जांची सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रभर आहेत. संध्याकाळी त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वृत्तपत्रं चाळणाऱ्या चारदोन माणसांपलीकडे कोणी नसतं. मंगल कार्यालय नको. तिथे वीस माणसं आली तर हॉल रिकामा दिसतो, वाचनालयात तीच वीस माणसं गर्दी वाटतात. खुर्च्या गोलात मांडा. मंच असला तरी त्यावर चढू नका. दिवस कायमचा ठरवून टाका, दर महिन्याचा दुसरा शनिवार वगैरे, म्हणजे पत्रिका, फोन, आठवण हे सगळं सुटतं.

आणि चिठ्ठ्या टाका. ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. वाचणाऱ्यांची नावं डब्यात टाकायची आणि एकेक काढायची. आपला नंबर कधी लागेल ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे उशिरा येऊन चालत नाही आणि वाचून पळूनही जाता येत नाही, कारण नाव निघालं त्यानेच पुढची चिठ्ठी काढायची आणि त्या वाचनावर पहिलं बोलायचं. "छान", "अप्रतिम" हे शब्द बाद. कुठली ओळ लक्षात राहिली, कुठे लक्ष उडालं, ते सांगायचं. सुरुवातीला लोक बिचकतात. आपल्याकडे कवितेवर बोलणं म्हणजे एक तर वाहवा नाही तर भांडण. पण दोनचार बैठकींनंतर माणसं खरोखर ऐकायला लागतात, कारण ऐकलं नाही तर सगळ्यांसमोर फजिती होते.

चित्रकारांचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे आयोजक हमखास ढिलाई करतात. लेखक आणि चित्रकार एकत्र आणायचे म्हणजे एका खोलीत कविता आणि दुसऱ्या खोलीत चित्रं, असं त्यांना वाटतं. खरं तर मराठीत हे दोघं शंभराहून अधिक वर्षं एकाच पानावर नांदतायत. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांनी तर स्वतःचा 'दीपावली' अंक चालवला आणि व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांच्या रेषा आणि पु. लं.चा मजकूर यांची वाचकांच्या मनात जोडीच झाली. कागदावर जे जमतं ते हॉलमध्ये का जमू नये? आम्ही एवढंच करतो की एखादी कविता किंवा कथेचं पान पंधरा दिवस आधी एका चित्रकाराच्या हातात देतो. काय काढायचं ते त्याचं त्याने बघावं.

एकदा अशी कविता आटलेल्या विहिरीवर होती. चित्र काढायला दिली ती दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं रंगवून पोट भरणाऱ्या एका माणसाला. त्याने आणलेल्या चित्रात विहीर नव्हतीच. नुसता काठाचा एक दगड, अगदी जवळून, आणि त्यावर वर्षानुवर्षं दोर घासून पडलेल्या खाचा. खाचांमध्ये धूळ साठलेली. कवी उखडला. "यात विहीर कुठंय?" चित्रकार म्हणाला, "तुमच्या कवितेत सात वेळा आहे ना, मी कशाला परत काढू?" मग अर्धा तास जी जुंपली तिच्यात सगळे पडले, वाचनालयाचा शिपाईसुद्धा. कवी आजही म्हणतो की चित्र चुकलं होतं. पण त्या संध्याकाळनंतर आमच्याकडे पाटीवाले, मूर्तिकार, फोटो स्टुडिओवाला असे लोक आपणहून यायला लागले. आपल्यालाही इथे काही बोलता येतं हे त्यांना कळलं होतं.

त्यावरून दुसऱ्या एका प्रश्नाकडे येते. "आमच्याकडे लिहिणारेच नाहीत हो फारसे," असं फोनवर ऐकू येतं. यादी कोणी केली, ते मी विचारते. यादी करणारे ज्यांना ओळखतात त्यांचीच यादी होते. 1885 च्या ग्रंथकार सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांना आलं, तेव्हा त्यांनी रानड्यांना पत्र लिहून नकार कळवला. ज्यांना आमचं दुःख ठाऊक नाही त्यांच्या सभेशी आमच्या लिहिण्याचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णा भाऊ साठे त्याचे उद्घाटक होते. मुख्य मांडवात ज्यांची नावं पुकारली जात नव्हती त्यांनी आपला मांडव घातला. आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात म्हटलेलं त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी उतरवून ठेवलं, अत्र्यांच्या आग्रहाने ते छापलं गेलं, तेव्हा 1952 साल उजाडलं होतं आणि बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्या हयात असताना कोणी स्थानिक साहित्यिकांची यादी केली असती तर त्या यादीत त्यांचं नाव आलं नसतं.

म्हणून यादी करताना वाचनालयाच्या सभासदांपाशी थांबू नका. भजनी मंडळात स्वतः रचून म्हणणारं कोणी असतं, जत्रेत तमाशाची वगनाट्यं लिहून देणारा असतो, लग्नात उखाणे आणि मंगलाष्टकं करून देणाऱ्या मावशी असतात. त्या "मी काय लिहिणार" म्हणतील. त्यांना वाचायला लावू नका, म्हणायला सांगा. एकीने लिहून घ्यावं, बाकीच्यांनी ऐकावं.

असं वर्ष गेलं की मग हवा तर पाहुणा बोलवा, एका अटीवर: त्याने पाच वाजता यायचं, गोलात बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं आणि चिठ्ठी निघेल तेव्हा वाचायचं. काही जण नकार देतात. जे येतात ते मात्र पुन्हा येतात, आणि तेही आपल्या खर्चाने.

पैशांचं राहिलंच. माइकवाला पैसे घेतो, मंडपवाला घेतो, फ्लेक्सवाला तर आगाऊ घेतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कवीला मात्र गुलाबाचं फूल आणि चित्रकाराला प्रशस्तिपत्रक. चित्र नेण्या-आणण्याचा टेम्पो तो स्वतःच्या खिशातून करतो. तुमच्याकडे पाहुण्याच्या गाडीचे आणि मुक्कामाचे पैसे वाचले आहेत. त्यातून फ्रेमा, टेम्पो आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांचं एसटीचं तिकीट सहज निघतं. मानधनाचं पाकीटही प्रत्येकाला द्या, आतली रक्कम लहान असली तरी चालेल, आणि त्याचा फोटो काढू नका.